रेड ऑक्साइड मारलेली जीप रंगाला नेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ घरामागच्या पडवीत एका वाचकाने महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० च्या चॅसिसवर स्वतः पत्रा कापून, वेल्डिंग करून नवी बॉडी उभी केली आहे. पुढचे दोन्ही मडगार्ड फायबरचे विकत आणले. गणपतीच्या सुमारास हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड (गंज थांबवायचा लाल प्रायमर) सगळ्या बॉडीला ब्रशने मारून ठेवला. आता पेंटर म्हणतो, "बॉडी तयार करून आणा, मी फक्त रंग मारून देतो." तर 'तयार' म्हणजे नेमकं काय, कुठल्या क्रमाने करायचं, आणि मिलिटरीचा हिरवा रंग मारता येईल का?

सुरुवातीलाच सांगतो, तो रेड ऑक्साइड पूर्ण काढावा लागेल. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड हा खिडकीच्या ग्रिलसाठी आणि गेटसाठी असतो. त्याच्यावर ऑइलपेंट मारलात तर बिघडत नाही. गाडीला पेंटर मारणार तो हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. त्याचा थिनर जहाल असतो, तो खालच्या रेड ऑक्साइडमध्ये शिरतो, तो थर फुगतो आणि वरच्या रंगाला सुरकुत्या पडतात. खात्री करायची असेल तर कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून दोन-तीन मिनिटं त्याच्यावर दाबून ठेवा. खालचा थर मऊ पडला, उठला किंवा कापसाला लाल रंग आला, तर तो थर पीयूखाली ठेवायच्या लायकीचा नाही.

पण लगेच ग्राइंडर घेऊन बसू नका.

गॅरेजमध्ये पत्रा उघडा केल्यापासून रंगाचा शेवटचा हात (थर) बसेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. घरी तेच काम रविवार-रविवार करत सहा महिने रेंगाळतं. मध्ये लग्नं येतात, आंब्याची कामं येतात. म्हणून गॅरेजवाल्याला विचारून लिहून आणलेल्या पायऱ्या बरोबर असल्या तरी घरी फसतात. घरच्या कामात प्रत्येक टप्प्याला एकच विचारायचं: इथे मी महिनाभर थांबलो तर काय होईल? उघड्या पत्र्यावर एक रात्रसुद्धा थांबता येत नाही, कोकणात तर नाहीच. पुट्टी, म्हणजे खोलगट जागा भरायचा लेप, उघडी ठेवून थांबता येत नाही, ती हवेतलं पाणी ओढते. सरफेसरचंही, म्हणजे रंगाच्या लगेच आधी मारायच्या सपाटी आणणाऱ्या थराचंही तेच, तोही सच्छिद्र असतो. दोन भागांच्या एपॉक्सी प्रायमरवर मात्र थांबता येतं. त्यामुळे सगळं काम असं आखायचं की रविवार संध्याकाळी हत्यारं ठेवताना गाडीवर कुठेही उघडा पत्रा किंवा उघडी पुट्टी राहिलेली नसेल.

आज गाडीवर जो रेड ऑक्साइड आहे तो कामापुरतं संरक्षण देतोय, तेव्हा त्याच्या जिवावर आधी कच्ची जोडणी उरकून घ्या. घरी बांधलेल्या बहुतेक गाड्यांचा रंग इथेच बिघडतो. लोक बॉडी सुटी असतानाच रंगवतात आणि मग बॉनेट बसत नाही, फाळक्याची (मागच्या झडपेची) कडी लागत नाही, आरशासाठी भोक पाडायचं राहिलेलं असतं. नव्या रंगावर ड्रिल चालवायची वेळ येते आणि त्या भोकाच्या कडेपासून पहिल्या पावसाळ्यात गंज आत सरकायला लागतो.

कच्ची जोडणी म्हणजे खरीखुरी जोडणी. गाडी स्वतःच्या चाकांवर, इंजिन, रेडिएटर, बॅटरी जागेवर, बॉडीखालची रबरं घातलेली आणि सगळे बोल्ट आवळलेले. बॉडी लाकडी ठोकळ्यांवर असताना दरवाजाची फट सारखी दिसते, पण चॅसिसवर वजन आलं की तीच फट वर चार मिलिमीटर आणि खाली सात होते. बॉनेट, विंडस्क्रीनची चौकट, दरवाजे, फाळका, हुडाचे (कापडी टपाचे) पाइप हे सगळं लावा. दरवाजाची रबर बीडिंगसुद्धा घालून बघा, कारण बीडिंगशिवाय बंद होणारा दरवाजा बीडिंग घातल्यावर बाहेर राहतो. इंडिकेटर, आरसे, नंबरप्लेट, वायरिंगच्या रबरी ग्रोमेटची भोकं, सीटबेल्टचे बोल्ट, जेरीकॅनचं स्टँड, जे जे भोक लागणार ते आत्ताच पाडा. फटी ठरवताना ध्यानात ठेवा की प्रायमर, सरफेसर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून प्रत्येक कडेवर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडी चढते, आणि कडेला पुट्टी आली तर त्याहून जास्त. पत्र्याला पत्रा जेमतेम सुटत असेल तर रंगानंतर तो घासणारच.

मग गाडी तशीच चालवा. खराब रस्त्यावर, खड्ड्यांतून, दोन माणसं मागे बसवून. घरच्या वेल्डिंगला तडा जायचा असेल तर तो आत्ता जाऊ दे, त्याची दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. रंगानंतर गेला तर अख्खी बाजू परत मारावी लागते, कारण मधला तुकडा मारून मेळ बसत नाही. फिरून आल्यावर बोल्ट परत आवळा, फटी परत बघा. सगळं मनासारखं झालं की फोटो काढून, बोल्ट पिशव्यांत घालून, पिशव्यांवर नावं लिहून गाडी सोडवा.

सोडवल्यावर आधी धुवा. समुद्राजवळच्या गाडीवर मिठाचा थर असतो, डोळ्याला दिसत नाही. त्याच्यावर तसाच पॉलिश पेपर मारला तर मीठ पत्र्याच्या ओरखड्यांत दाबलं जातं, आणि रंगाखाली राहिलेलं मीठ पाणी ओढून फोड आणतं. साध्या गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, सांध्यांत हवा मारून उन्हात कडकडीत वाळवायचं. त्यानंतर तेल-ग्रीस काढायचं. तेल काढल्याशिवाय पेपर नाही, हा क्रम उलटा करू नका.

आता रेड ऑक्साइड. मोठ्या सपाट भागाला ग्राइंडरवर लावायची जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क सगळ्यात चांगली, ती रंग काढते आणि पत्रा फारसा खात नाही. फ्लॅप डिस्क लागलीच तर ८० नंबरची (नंबर जितका लहान तितकी खरखरीत), तीही हलक्या हाताने आणि हलती ठेवून. एका जागी टेकवली की पत्रा निळा पडतो, तापून ताणला जातो आणि तिथे फुगवटा येतो. सांध्यांत आणि कोपऱ्यांत पेंट रिमूव्हर लावू नका. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत गेलेला रिमूव्हर बाहेर निघत नाही आणि नंतर तिथूनच रंग उठवतो. कोपऱ्यांना तारेचा ब्रश आणि हाताने पेपर. एक मात्र बघा, तारेचा ब्रश गंजाला नुसता चकचकीत करतो. काळे ठिपके दिसतायत म्हणजे खड्ड्यांत गंज जिवंत आहे. तिथे फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावायचं, वाळायच्या आत पाण्याने धुवून काढायचं, लगेच पुसून, हवा मारून वाळवायचं आणि परत ८० किंवा १२० चा पेपर फिरवायचा. ॲसिडचा पांढुरका थर पत्र्यावर राहिला तर वरचा एपॉक्सी धरत नाही.

चॅसिस आणि जाड ब्रॅकेट ब्लास्टिंगला (हवेच्या जोराने कण मारून साफ करायला) द्यायला हरकत नाही. बॉडीचा पत्रा देऊ नका. तुमचा पत्रा १८ गेजचा असेल, म्हणजे सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. ब्लास्टिंगच्या माऱ्याने सपाट भाग पोळीसारखा फुगतो आणि तो परत जागेवर आणणारे कारागीर आता शोधावे लागतात. ब्लास्टिंग झालेलं लोखंड फार लवकर गंजतं, त्याच दिवशी प्रायमर पडला पाहिजे. आणि नदीच्या कोरड्या वाळूने ब्लास्टिंग करून देणाऱ्याकडे जाऊ नका. त्या धुळीने करणाऱ्याची फुप्फुसं कायमची जातात.

पत्रा उघडा झाला की पुट्टीचा डबा उघडायच्या आधी तळहाताने दाबून बघा. जीपच्या बाजू लांब आणि सपाट, त्यात घरी सलग वेल्डिंग केलेलं, म्हणजे कुठेतरी पत्रा सैल असणारच. दाबला की आत जातो आणि सोडला की टक् आवाज करून बाहेर येतो, अशा जागेवर पुट्टी कधी टिकत नाही, इंजिनच्या थरथरीने तडकते. तिथे आतून पट्टी लावून आधार द्या, नाहीतर चांगल्या डेंटरला बोलावून गरम-थंड करून पत्रा आवळून घ्या. पैसे खर्च करायचे तर मी या एका कामावर करीन. डेंटिंगला दिलेला दिवस पुट्टीचे दोन किलो वाचवतो.

वेल्डिंगचे सांधे घासून पत्र्याच्या पातळीला आणा, पण त्याच्या खाली जाऊ नका. नंतर आतून टॉर्च धरा आणि बाहेरून अंधारात बघा. उजेडाचा ठिपका दिसला म्हणजे बारीक छिद्र आहे. असलं छिद्र पुट्टीने बुजवणाऱ्यांची गाडी पावसाळ्यानंतर ओळखू येते. सांध्याच्या रेषेत फोडांची ओळ उठलेली असते, कारण पाणी मागून आत येतं आणि पुट्टी ते शोषून धरते. छिद्र वेल्डिंगनेच बंद करायचं. आर्क वेल्डिंग केलं असेल तर स्लॅगचा (वेल्डिंगवर जमणाऱ्या मळीचा) कणही ठेवायचा नाही. आणि सांध्याची मागची बाजू, जिकडे कोणी बघणार नाही, तीही तितकीच साफ करायची. घरच्या गाड्या आतून बाहेर गंजतात.

आता एपॉक्सी. उघड्या पत्र्यावर ८० ते १८० मधला ओरखडा असू द्या, गुळगुळीत पत्र्यावर एपॉक्सीला पकड मिळत नाही. ॲसिडवाला एच (इंग्रजीत etch, पत्रा किंचित कुरतडून धरणारा) प्रायमर आणि त्याच्यावर थेट पुट्टी, ही जोडी करू नका. खालचं ॲसिड पुट्टीला नीट वाळू देत नाही. एपॉक्सीवर पुट्टी चालते, आणि घरच्या कामाला हीच पद्धत सोयीची. कंपनीने दिलेल्या मापाने हार्डनर घाला, मिसळून डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, मग मारा. ब्रशने मारू नका. भाड्याने कॉम्प्रेसर आणि १.६ मिलिमीटरचं तोंड असलेली गन मिळाली तरी भागतं. दोन हात, आतून, बाहेरून, खालून. जीपची अख्खी बॉडी सगळ्या बाजूंनी धरली तर चार लिटरच्या आसपास तयार माल लागतो. सगळी बॉडी एकदम उघडी करणं झेपत नसेल तर एका रविवारी एक बाजू उघडी करा आणि त्याच दिवशी तिला प्रायमर मारा.

हवेकडे बघा. हवा ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल तर २६ अंशांच्या पत्र्यावरसुद्धा दव धरायला लागतं, आणि सकाळी पत्रा हवेपेक्षा थंडच असतो. दव धरण्याच्या तापमानापेक्षा पत्रा किमान ३ अंश गरम हवा. तुमच्याकडे डिसेंबर ते मार्च, सकाळी अकरा ते दुपारी चार, एवढीच वेळ भरवशाची. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सुरू करायच्या आधी आणि मधूनमधून काढत जा. पाण्याचा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटवून लावला तर काही उपयोग नाही, तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेतच राहतं. मध्ये लांब पाइप जाऊ दे, हवा गार होऊ दे, मग ट्रॅप.

एपॉक्सी बसली की निवांत व्हा. आता सण येऊ देत, पाहुणे येऊ देत. फक्त गाडी उघड्या उन्हात ठेवू नका, एपॉक्सी उन्हाने भुकटते. आणि वर प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका. रात्री त्याच्या आत घाम धरतो. सुती चादर पुरे. डब्यावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस गेले असतील तर पुढच्या थराआधी सगळीकडे २२० किंवा ३२० चा पेपर फिरवायचा. त्याशिवाय वरचा थर खालच्याला धरत नाही.

सांध्यांचा सीलर एपॉक्सीवर लावायचा, उघड्या पत्र्यावर नाही. जमिनीच्या पत्र्यात आणि दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं ठेवली आहेत ना, ती सीलरने बुजवू नका.

पुट्टी लावताना हार्डनरचा हात आखडता ठेवा. वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास. लवकर वाळावी म्हणून ट्यूब जास्त पिळली की उरलेला हार्डनर महिन्याभराने वरच्या रंगात डाग होऊन उतरतो, फिक्या रंगात तर हमखास. दुपारच्या उन्हात मिसळलेली पुट्टी चार-पाच मिनिटांत हाताबाहेर जाते, म्हणून थोडी थोडी मिसळा. जाडी तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर तो पोचा आहे, तो ठोकून बाहेर काढा. सांध्यांवर पहिला हात फायबर घातलेल्या पुट्टीचा द्या, वर साधी. घासायची ती कोरडीच. आपल्याकडे अजून बरेच जण पुट्टीला पाणी पेपर लावतात, आणि ते पाणी आत राहून सहा महिन्यांनी फोड बनून वर येतं. ८०, मग १२०, मग १८०. पेपर हातात धरून घासायचं नाही, बोटांच्या खाचा पडतात. जीपच्या बाजूला फूट-दीड फुटाचा लांब सपाट लाकडी ठोकळा हवा, आणि तो तिरका फिरवायचा, एकदा या कोनात आणि एकदा त्या. काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा करून घासलं की खोल जागा काळी राहते आणि उंच जागा आधी उघडी पडते. उंच जागी पत्रा दिसला की थांबा. तिथे घासत राहून उपयोग नाही, भोवतीचं खाली आहे. दिवस मावळायच्या आत त्या पुट्टीवर एपॉक्सीचा एक हात.

फायबरच्या मडगार्डचं वेगळं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण त्यांच्यावर असतं. आधी मेण काढायचं द्रावण, मग पेपर. उलट केलं तर मेण आत घासलं जातं. नवीन असतील तर आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा, त्यातला वास बाहेर जाऊ दे, मग २२० ने घासून बारीक छिद्रं भरा. पेंट रिमूव्हर त्यांच्या जवळही नेऊ नका.

यापुढे सरफेसर, आणि इथे पेंटरशी बोलणं गरजेचं आहे. तो कुठल्या कंपनीचा रंग मारणार, तुमची एपॉक्सी त्याच्याशी जमते का, शेवटचा पेपर कोण मारणार, हे पुट्टीला हात लावायच्या आधी विचारून घ्या. माझा सल्ला असा की सरफेसरसुद्धा त्यालाच मारू द्या. तुम्ही एपॉक्सी आणि पुट्टी निवांत, मन लावून करा आणि गाडी एपॉक्सीत त्याच्या दारात न्या. तो सरफेसर मारील, ३२०, ४०० आणि मेटॅलिक असेल तर ६०० ते ८०० पर्यंत घासून रंग चढवील. रंगात काही बिघडलं तर दोघांत बोट दाखवायला जागा राहत नाही. पैसे वाचवायला सरफेसर घरीच मारणार असाल तर तो नीट सुकू द्या, लांब ठोकळ्याने ३२० पर्यंत आणा आणि त्याच आठवड्यात गाडी न्या. सरफेसरवर गाडी पावसात भिजली असेल तर पेंटरला तसं सांगा. लपवू नका, तो रंग त्याच्या नावावर फुगणार आहे.

वाटेत गाडी स्वतःच्या चाकांवर नेऊ नका. टेम्पोत चढवा, नाहीतर डिझेल, चिखल आणि समोरच्या ट्रकचा धूर सगळं त्याच्यावर बसतं. या काळात टायर चमकवायचा स्प्रे, डॅशबोर्ड पॉलिश, सिलिकॉनवालं काहीही गाडीच्या आसपास नको. डोक्याला खोबरेल लावलेला हात कपाळावरून पुसून पॅनेलला लागला तरी रंगात तिथे माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो. शेवटची पुसणी मेण-ग्रीस काढायच्या द्रावणाने, दोन स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्यांनी, एक ओलं आणि मागोमाग एक कोरडं. स्वस्तातला परत वापरलेला थिनर पुसायला घेऊ नका, तो स्वतःच घाण सोडून जातो.

एपॉक्सीला चांगला व्हेपर मास्क (वाफ गाळणारा) आणि हातमोजे पुरतात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्याने एकदा दमा धरला तर पुढे थोड्या वासानेही झटका येतो. तोंडाला रुमाल बांधून तो थांबत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून पीयू घरी मारायचा विचारच नको.

आता हिरवा रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे, तुमच्या-माझ्या गाडीला तो मनाई आहे. दुसरा कुठलाही हिरवा घ्या, पण आरसी बुकात रंग बदलून घ्यावा लागेल. याहून मोठा प्रश्न बॉडीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. तुमची नवी बॉडी मूळ मापांची आणि मूळ आकाराची असेल तर ठीक. लांबी वाढवली असेल, आसनं बदलली असतील, तर रंगाचा डबा घेण्याआधी आरटीओत जाऊन निरीक्षकाला गाडीचे फोटो दाखवा. रेड ऑक्साइडमधले फोटो असले तरी चालतील.